बाबारावच्या घराचं भुईभाडं

९ नोव्हेंबर २०२४

ही वही दुकानाच्या नावाने घेतली. तेलंगणातल्या बेल्यात, कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची जागा आहे. रस्ता रुंद झाल्यापासून दिवसभर तिथून गाड्या धावतात. तिथे हे कृषी केंद्र टाकणार आहेत. बियाणं, खत, फवारणीची औषधं. 'हे' म्हणजे लखन. माझी वही कोणी वाचत नाही, तरी नवऱ्याचं नाव लिहायला हात होत नाही.

काल जेवताना आपणहून म्हणाले, "तू बी.ए. हायेस. काउंटरवर तूच बस, मी माल आनत जाईन." लग्नाला सहा वर्षं झाली, माझ्या बी.ए.चा विषय या घरात पहिल्यांदा निघाला. त्यांनी नको म्हणायच्या आत मी आणखी एक भाकर वाढली.

अडचण एकच आहे. त्या जागेवर बाबारावचं घर आहे. जागा आमची, घर त्यांचं. साठ वर्षांपूर्वी माझ्या आजेसासऱ्यांनी नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर ती जागा बाबारावच्या बापाला घर बांधायला दिली. जागेचं दरसाल थोडं भाडं द्यायचं, त्याला इकडे भुईभाडं म्हणतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे माणिकराव, दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पेटीत यांना त्या कराराचा कागद, कौलनामा, सापडला. उर्दूत आहे, निजाम गेल्यावरही इकडे बरेच कागद तसेच व्हायचे. आदिलाबादला एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून आणला. भाडं थकलं तर मालकाला जागा परत मागता येते, असं त्यात आहे म्हणे. कागदाच्या मागे दरवर्षी पोळ्याला भाडं मिळाल्याची मामाजींची सही. शेवटची सही १९९३ च्या पोळ्याची. पुढे कोरं.

"तीस वर्सं फुकट राह्यले लेकाचे," हे म्हणाले. "आमचा बाप देवमानूस, त्यानं मागतलं नाई."

१२ नोव्हेंबर

नोटीस मीच लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. तीस वर्षांचं भाडं व्याजासकट भरा, नाहीतर पंधरा दिवसांत घर उचलून जागा मोकळी करा. तीनदा कच्चं लिहून फाडलं तेव्हा मनासारखं उतरलं. मामाजी गेल्यावर जागा आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावावर झाली, म्हणून खाली सही त्यांची, रेणुकाबाईंची हवी. आत्याबाई सकाळपासून कापसाच्या वेचणीवर होत्या, हे म्हणाले थांबायला वेळ नाही, आणि त्यांच्या नावाची सही यांनीच केली. घरचीच गोष्ट आहे.

नोटीस द्यायला मला सोबत नेलं. बाबाराव सत्तरीच्या पुढचा, वाळलेला, पण ताठ. आधी आमच्याकडे सालदार होता, वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचा. त्याची मुलगी प्रीती शाळेत शिक्षिका आहे, तिच्याच पगारावर घर चालतं. ती शाळेत गेली होती. बाबारावची बायको सखूबाई मला म्हणाली, "बसा बाई," आणि खुर्ची पुसून दिली. यांनी मला बसू दिलं नाही.

भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखाली एका तरण्या पोराचा फोटो होता. मिसरूड फुटलेलं, शर्टाच्या खिशाला पेन. खाली लिहिलेलं: देवाजी, मृत्यू ८ सप्टेंबर १९९४. बाबारावचा धाकटा भाऊ असावा, चेहरा तोच. घरातला कमावता गेला म्हणून त्यांचं भाडं थकलं असेल, असं माझ्या मनात आलं. पण एका वर्षाचं समजू शकतो. तीस वर्षं?

बाबारावने नोटीस डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचली. मग यांना म्हणाला, "बापू, तुमच्या बापानं आमाले कधी भाडं मागतलं नाई. काऊन मागतलं नाई, ते घरी जाऊन आईले इचारा."

"आईचं नाव घेऊ नको," हे म्हणाले.

"बरं, नाई घेत," बाबाराव म्हणाला. नोटिशीची घडी घालून त्याने खिशात ठेवली.

१३ नोव्हेंबर

आत्याबाईंना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या. विळी बाजूला सरकवली आणि बोलल्या, "त्या घराचं भाडं फिटलं हाय. त्या वाटेले जाऊ नका."

"कवा फिटलं? कोनं देल्लं?" हे विचारत राहिले.

आत्याबाई उठून आत गेल्या. यांनी जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. वरणाचे शिंतोडे माझ्या साडीवर आले, गरम होतं. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, त्यात यांचा काय दोष.

२१ नोव्हेंबर

मनीऑर्डर आली होती. आत्याबाईंच्या नावाने, तीन वर्षांच्या भाड्याची, पाठवणार बाबाराव. पोस्टमनला यांनी दारातूनच परत पाठवलं. "घ्यायचं नाई, तसं लिही," म्हणून ओरडले.

दुपारी प्रीती आली. तिशीतली असेल, शाळेचीच पर्स खांद्याला. हे घरी नव्हते. मी खुर्ची दिली, ती बसली.

"वहिनी," ती म्हणाली, "मी आदिलाबादच्या वकिलाले दाखवून आली. थकलेलं भाडं कायद्यानं तीन वर्सांचंच मागता येते. ते आमी पाठवलं. तुमी घेत नसान तं कोर्टात भरू. पन घर नाई सोडनार. तुमच्या लोकायले सांगा."

मला तिचं बोलणं आवडलं, हे लिहून ठेवते. तिने आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. मी चहा टाकते म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्या कपात द्यान का?" मी म्हणाले, का नाही. पण तेवढ्यात यांची मोटारसायकल वाजली आणि ती उठली.

त्यांनी तिला जाताना पाहिलं. मी फक्त एवढंच म्हणाले की कायद्याने तीनच वर्षांचं मिळतं म्हणतात. यांनी कानाखाली मारली. डाव्या कानात अजून पिठाची चक्की चालू आहे. दिवसभर कापसाच्या भावावरून व्यापाऱ्याशी भांडून आले होते, मी वेळ पाहून बोलायला पाहिजे होतं.

३ डिसेंबर

थंडी फार पडली. सकाळी हौदातलं पाणी हाताला चावतं.

हे पहाटे आले, शर्टाच्या दोन्ही बाह्या रक्ताने भिजलेल्या. म्हणाले, रानडुक्कर गाडीला आडवं आलं, ते ओढून बाजूला टाकलं. शर्ट दोनदा भिजवला, मीठ लावून घासला, तरी कफवर पिवळा डाग राहिलाच.

दुपारी वेचणीच्या बायका सांगत होत्या की सखूबाईच्या दोन्ही शेळ्यांचे मागचे पाय कोणीतरी कुऱ्हाडीने तोडले. जिवंत ठेवल्या आणि पाय तोडले. एक गाभण होती. बाबारावने स्वतःच्या हाताने दोन्हींचे गळे कापले, तेव्हा त्या ओरडायच्या थांबल्या. सखूबाई तिथेच बसून होती. असं करणारा माणूस कसल्या काळजाचा असेल? गावात असे लोक आहेत आणि आपल्याला माहीतही नसतं. बायकांसमोरच मी यांना सांगितलं, तर म्हणाले, "बिबट असन." बिबट्या कुऱ्हाड चालवतो का, म्हटलं मी, आणि हसले. ते हसले नाहीत.

मोटारसायकलला कुठे पोचा आलेला नाही. डुक्कर छोटं असेल.

१६ डिसेंबर

हे डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

गेल्या आठवड्यापासून रात्री बाबारावच्या टिनांवर दगड पडत होते. मग त्यांचा नळ तोडला, संडासाचं दार उखडून नालीत टाकलं. प्रीतीने ठाण्यात तक्रार दिली. काल पोलीस येऊन यांना विचारून गेले. पोलिसांनी मलाही विचारलं, हे रात्री घरी असतात का. मी म्हणाले, असतात. दोन-चार रात्री नव्हते, तेही सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

पोलीस गेल्यावर मी कापसाच्या खोलीच्या चौकटीला हात धरून उभी होते. दार लागलं. दोन बोटं आत राहिली. दार यांनीच लावलं, पण माझा हात तिथे आहे हे त्यांना दिसलं नसेल. मी ओरडले तरी दार उघडायला वेळ लागला. कडी अडकली असेल.

डॉक्टरने विचारलं. हे माझ्याआधी म्हणाले, "बंडीच्या चाकात गेली."

आत्याबाईंनी हळद लावून दिली. माझ्या हाताकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा बापावर गेला." मामाजींनी मला कधी उंच आवाजात हाक मारली नाही. मी म्हणाले, मामाजी तर देवमाणूस होते. आत्याबाईंनी चिंधी इतकी आवळली की मला कळ आली.

५ जानेवारी २०२५

उद्या जेसीबी येणार. नोटिशीचे पंधरा दिवस कधीच संपले. मी विचारलं, कोर्टाचा कागद लागत नाही का. म्हणाले, "कब्जा मालकाचा. कोर्ट मंग पाहू." मशीनला कुंकू लावून नारळ मी फोडायचा, लक्ष्मीच्या हातून झालेलं बरं म्हणाले. नवी साडी काढून ठेवली. काउंटर पूर्वेकडे तोंड करून ठेवायचा आहे.

मला आनंद व्हायला पाहिजे.

६ जानेवारी, सायंकाळ

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी नऊला गेलो. जेसीबीच्या मागे ट्रॅक्टर, त्यात यांचे चार मित्र. मी मशीनला कुंकू लावलं. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, माझ्या बोटांत जोर नव्हता. यांनी तो हिसकून चाकावर आपटला.

बाबाराव उंबरठ्यावर बसून होता. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मांडीवर हात. प्रीती बाजूला मोबाइल धरून उभी. ती मोठ्याने बोलत होती, "हे पाहा, कोर्टाचा आदेश नाही, घरात माणसं आहेत, हे मशीन घेऊन आले." सखूबाई दिसत नव्हती.

यांनी ड्रायव्हरला हात केला. बाजूची भिंत एका धक्क्यात आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला आणि धूळ इतकी उडाली की बाबाराव दिसेना. धूळ बसली तर तो तिथेच होता. हलला नव्हता. डोक्यातून रक्त येऊन भुवईवर थांबलं होतं.

"उठ," हे म्हणाले.

"नाई उठत."

ड्रायव्हर तिकडचा तेलुगू माणूस होता. त्याने मशीन बंद केलं आणि खाली उतरला. "वद्दु अन्ना, वद्दु," म्हणाला. नको दादा, नको. किल्ली घेऊन तो रस्त्याच्या पलीकडे पळाला. यांचे मित्र ट्रॅक्टरमधून उतरलेच नव्हते. आता सगळे एकट्या यांच्याकडे पाहत आहेत असं झालं. यांनी ट्रॅक्टरमधली लोखंडी पहार काढली.

मी म्हणाले, "अहो, नको." आवाज निघाला की नाही, आठवत नाही.

पहार नडगीवर बसली. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. बाबाराव ओरडला नाही. पाय उलटा झाला होता आणि तो यांच्या तोंडाकडे पाहून बोलत होता, मोठ्याने, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं:

"मार! देवाजीले तुया बापानं मारलं, तू मले मार! भाडं घेऊन गेल्ता माया भाऊ! पावती मागतली म्हनून मारलं त्याले! आता तू मार, पूरं कर!"

यांनी पहार पुन्हा उचलली. या वेळी डोक्यावर पडली असती. तेवढ्यात सखूबाई पडक्या भिंतीतून आली, अंगावर सगळी माती, हातात गवत कापायचा विळा. तिने यांच्या उचललेल्या हातावर विळा ओढला. कोपरापासून मनगटापर्यंत. पहार खाली पडली. प्रीतीने मोबाइल टाकून ती उचलली आणि यांच्या पाठीत घातली. एकदा, मग पुन्हा. हे मोटारसायकलीकडे धावले. मित्रांचा ट्रॅक्टर आधीच निघाला होता.

मी तिथेच उभी होते, कुंकवाचं ताट हातात घेऊन. सखूबाईने माझ्याकडे पाहिलं. विळ्यातून रक्त गळत होतं. मला वाटलं, ती मलाही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "ताट ठेव आनि याच्या पायाखाली काई तरी दे."

मी नवी साडी फाडली. पदराचा काठ आणि दोन तुराट्या लावून पाय बांधला. बाबारावचा पाय मांडीवर घेऊन ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसले. त्याचा घाम माझ्या हातावर येत होता.

७ जानेवारी

कालचं अर्धंच लिहिलं होतं.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी पायी घरी आले. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, कोणीतरी आधीच येऊन सांगून गेलं होतं. मी विचारलं, "देवाजीला काय झालं होतं?"

त्यांनी सांगितलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी देवाजी भाडं घेऊन आला. मॅट्रिक झालेला, बावीस वर्षांचा. पैसे ठेवले आणि म्हणाला, सही तुमच्या कागदावर असते, आमच्याकडे काहीच राहत नाही, आम्हाला पावती द्या. मामाजी म्हणाले, तुझ्या बापाने कधी मागितली नाही. तो म्हणाला, बापाला वाचता येत नव्हतं. मामाजींनी त्याला बंडीच्या उभारीने मारलं. अंगणात, दिवसाउजेडी. बंडीच्या बाजूला जी लाकडं उभी करतात, त्यातलं एक. दोन दिवसांनी तो गेला. बंडीवरून पडला असं सांगितलं, आणि बाबाराव तेव्हा आमच्याकडेच सालात होता, लहान लेकरं होती, तक्रार करणार कशी. त्या वर्षीपासून मामाजींनी भाडं मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही.

"फिटलं म्हणता ते हेच?" मी विचारलं.

आत्याबाईंनी हो म्हणून मान हलवली.

तारीख मी पाहिली होती. सहीचं वर्ष पाहिलं होतं. दोन्ही माझ्याच वहीत आहेत.

तेवढ्यात लखन मागच्या दाराने आला. हाताला शर्ट गुंडाळलेला, तो काळा पडलेला. "पैसे काढ, मी चंद्रपूरले जातो," म्हणाला. आत्याबाई उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. एवढ्या सरळ उभ्या राहिलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कुठी जात नाईस तू," त्या म्हणाल्या. "बापाचं मी झाकलं. तुयं नाई झाकनार."

त्याने आईचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. दोनदा. आई. मग सोडून दिलं, आणि त्या भिंतीला घसरत खाली बसल्या.

तो कापसाच्या खोलीत शिरला. विकलेल्या कापसाचे पैसे तो तिथेच ढिगात खोल ठेवतो. कमरेएवढ्या कापसात तो वाकला, पाठ माझ्याकडे. मी दार ओढलं, कडी लावली, कुलूप घातलं. हे सगळं मोडक्या बोटांनी केलं आणि दुखलं नाही. मग शंभरला फोन केला.

आधी तो गोड बोलला. "सुनयना, उघड. दुकान तुया नावानं टाकतो." मग माझ्या आईबापाला शिव्या. मग दारावर लाथा. मग एकदम शांत झाला आणि म्हणाला, "माचिस हाय मायाजवळ. कापूस हाय. लावतो काडी. मी बी जातो, घर बी जाते, म्हातारी बी जाते. उघड."

मी आत्याबाईंना काखेत धरून अंगणात नेऊन बसवलं. परत येऊन दाराला पाठ लावून खाली बसले आणि म्हणाले, "लावा."

खरं लिहायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं, लावावी. कापूस कसा धडाधडा पेटतो ते मी पाहिलं आहे. मी मनात ते सगळं पाहिलं आणि उठले नाही. लखन काडी लावत नव्हता, रडत होता. पोलीस यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ आम्ही दोघं एका दाराच्या दोन बाजूंना बसून होतो.

१० जानेवारी

जबाब दिला. तेलुगूत लिहून घेतला, मला मराठीत वाचून दाखवला. नोटिशीचं अक्षर माझं, सही आत्याबाईंची नाही, लखनची. शर्टावरचं रक्त मी धुतलं. बोटं बंडीच्या चाकात गेली नव्हती. लिहिणाऱ्या बाईने विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलं?" मी म्हणाले, मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि ते लिहिलं नाही.

माझ्या बाबांचा वणीहून फोन. "नवऱ्याले जेलात घालून कोन्ती बाई सुखी झाली?" मी विचारलं, तुम्ही मला न्यायला येता का? ते म्हणाले, तुझ्या आईशी बोलतो. अजून बोलत असतील.

२२ जानेवारी

आत्याबाईंच्या कपाळाचे टाके निघाले. त्याच म्हणाल्या, आदिलाबादला दवाखान्यात जाऊ. जाण्याआधी माझ्याकडून कागद लिहून घेतला: 'बाबाराव यांच्या घराच्या जागेचं १९९४ पासून आजपर्यंतचं सगळं भुईभाडं मला पावलं, काही बाकी नाही.' खाली आपली सही केली. थरथरती, पण स्वतःची. मला वाटलं, यापेक्षा मोठं कोणी काय देणार. बसमध्ये मी तो कागद छातीशी धरून बसले होते.

बाबारावच्या पायात सळई घातली आहे. पलंगावर उशीला टेकून होता. सखूबाई बाजूला खाली बसली होती, प्रीती खिडकीशी. आम्हाला पाहून कोणी बसा म्हणालं नाही.

आत्याबाईंनी कागद पुढे केला. प्रीतीने वाचून दाखवला. बाबाराव ऐकत राहिला आणि मग विचारलं, "सगळं पावलं म्हनता. काय पावलं, बाई?"

आत्याबाईंनी कागदाकडे बोट केलं.

"आमी तं तीस वर्सं एक पैसा देल्ला नाई. मंग काय पावलं तुमाले?"

"बाबाराव..."

"माया भाऊ भाड्यात पावला का?" तो ओरडला नाही. पण शेजारच्या पलंगावरच्यांनी माना वळवल्या. "तीस वर्सं मी त्या घरात निजलो. दरसाल पोळ्याले वाटे, भाडं नाई मागत, म्हंजे भावाची किंमत कापून घेऊन राह्यले. मीबी चूप राह्यलो. मी बी ते खाल्लं. फाड तो कागद, प्रीती."

प्रीतीने फाडला. आवाज मोठा झाला नाही, साध्या कागदासारखाच फाटला. मग तिने पर्समधून पाकीट काढून आत्याबाईंसमोर धरलं. तेच तीन वर्षांचं भाडं, जे आमच्या दारातून परत गेलं होतं.

"हे घ्या," बाबाराव म्हणाला. "कायद्यानं जेवढं लागते तेवढं. दरसाल येत जाईन. घर आमचं, भाडं तुमचं. देवाजीचं वेगळं."

आत्याबाईंचा हात पुढे होईना. सखूबाई पहिल्यांदाच बोलली. "घ्या बाई. नाई घेतलं तं आमी पुन्हा फुकट राह्यतो."

मग त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. प्रीतीने मला पेन दिला. मी पावती लिहिली. तीन वर्षांचं भुईभाडं रोख मिळालं, एवढंच. बोटं वाकत नाहीत अजून, अक्षर वाईट आलं. आत्याबाईंनी सही केली आणि ती बाबारावच्या हातात दिली. त्याने ती खूप वेळ वाचली. एवढ्या दोन ओळी.

मी सखूबाईंना म्हणाले, "मला माफ करा."

"शेळ्यायच्या येळेस तू हसली म्हने," ती म्हणाली. वेचणीच्या बायकांनी सांगितलं असेल. "जा आता."

बाहेर आल्यावर मला वाटलं, बसस्टँडला जायचं. आत्याबाई म्हणाल्या, "रिक्षावाल्याले सांग, बेल्याच्या बसले नाई. पोलिसायकडे."

तिथे त्यांना बसायला खुर्ची दिली. त्या उभ्याच राहिल्या. समोरच्या साहेबाने विचारलं, तुमच्या मुलाच्या केसबद्दल का? त्या म्हणाल्या, नाही, नवऱ्याच्या. तो म्हणाला, नवरा कुठे आहेत? मेले, म्हणाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हातारीचं डोकं ठीक आहे ना, असं. मी म्हणाले, लिहून घ्या.

त्या सांगत गेल्या. पोळ्याचा दुसरा दिवस. देवाजीने ठेवलेले पैसे. पावती. तो साहेब लिहीत होता, मधे थांबला.

"तुम्ही स्वतः पाहिलं? की ऐकलेलं सांगता?"

"अंगनातच होती मी."

"मग थांबवलं का नाही?"

आत्याबाईंनी टेबलाची कड धरली. हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

"उभारी बंडीले लागेल होती," त्या म्हणाल्या. "त्यायनं मले म्हटलं, आन. मी काढून आनून देल्ली."